फोन सोडून सगळं मिळेल

"स्टॉक आहे सर, या तुम्ही."

हे वाक्य मी तीनदा ऐकलं. सोमवारी फोनवर, बुधवारी फोनवर, आणि शुक्रवारी पावसच्या स्टँडवर छत्रीतून गळणारं पाणी मानेवर घेत, एसटी यायच्या आधी शेवटची खात्री म्हणून. आयफोन १५, काळा, १२८ जीबी. तिन्ही वेळा पलीकडचा मुलगा छातीठोकपणे "आहे" म्हणाला. मग मी, ही आणि लेक असे तिघं भाट्याचा पूल ओलांडून रत्नागिरीत पोचलो, रिक्षावाल्याला ८० रुपये मोजले (त्याच्यावर वेगळं लिहायचंय, आज नको), त्या भल्यामोठ्या दुकानाचं काचेचं दार ढकललं, आणि त्याच मुलानं त्याच आवाजात सांगितलं, "सर, ब्लॅक नहीं है. पिंक में है. टू फिफ्टी सिक्स."

गुलाबी! २५६! आणि हिंदी!

हिंदीचं आधी बोलतो, कारण माझं डोकं तिथूनच फिरलं. पोरगा दिसायला आमच्याच मातीतला. कपाळावर बुक्का. "गाव कुठलं रे तुझं?" विचारलं तर म्हणाला, "लांजा, सर." मग लांज्याच्या पोरानं पावसच्या माणसाशी रत्नागिरीत हिंदी का बोलायचं? कंपनीचं ट्रेनिंग म्हणे. ट्रेनिंगमध्ये हे शिकवतात, पण स्टॉक आहे की नाही हे उठून आत जाऊन बघायचं शिकवत नाहीत.

बरं, आत थंडी अशी की बाहेरून भिजून आलेला माणूस पाच मिनिटांत शिंकायला लागावा. वर छतातून गाणी. चाळीस टीव्ही चालू, चाळिसांवर एकच मासा पोहतोय. ही बिचारी बसायला जागा बघत होती तर एवढ्या मोठ्या दुकानात एक खुर्ची नाही. शेवटी वॉशिंग मशीनच्या खोक्यावर टेकली, तर तिथेही एक जण आला, "मॅडम, फुल्ली ऑटोमॅटिक दिखाऊ?"

आता मूळ मुद्दा. लेकीचं तोंड पडलेलं. पुण्यात कॉलेजला आहे, दोन वर्षं तडा गेलेल्या फोनवर काढलीत तिनं. म्हटलं, ठीक आहे, चिपळूणला बघू. आम्ही वळलो. तेवढ्यात मागून एक मॅनेजर आला, टाय लावलेला, आणि हळूच म्हणाला, "सर, एक पीस अरेंज करता येईल. पण कॉम्बोमध्ये."

कॉम्बो! वडापावबरोबर चहा असतो तसा. फोन ७९,६००. त्याबरोबर कव्हर १,२९९, टेम्पर्ड ग्लास ९९९, चार्जर १,९००, आणि दोन वर्षांचा कसला तरी 'प्रोटेक्शन प्लॅन' ६,४९९. मी तोंडी बेरीज केली, १०,६९७. तो म्हणाला, "सर, सगळे घेतातच." म्हणजे फोन आहे! होताच! सोमवारपासून होता! फक्त तो फोन विकायला नव्हता, कव्हर विकायला होता. गळाला लावलेली कोळंबी विकत मागितल्यावर कोळी जसा बघेल तसा तो माझ्याकडे बघत होता.

आणि गंमत बघा. मी नुसतं "बरं, कव्हर घेतो" म्हटल्याबरोबर तो ओरडला, "बघ रे आत." दोन मिनिटांत काळा, १२८, सीलबंद, पाटावर बसवून आणावा तसा बाहेर आला.

मी म्हटलं, हे बेकायदा आहे. एक वस्तू द्यायची तर दुसरी घ्यायलाच लावायची, हे २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बसत नाही. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन लावतो. मॅनेजर अजिबात घाबरला नाही. "लावा ना सर. रेंज दाराबाहेर मिळेल."

हे मात्र खरं निघालं. आत रेंज नाही. मोबाइलच्या दुकानात मोबाइलला रेंज नाही! आणि ओटीपी मात्र तीन. एक बिलासाठी, एक पॉइंट जमा करायला (कसले पॉइंट? मी मागितले का पॉइंट?), एक मी चारदा नको म्हटलेल्या हप्त्यांची "नुसती एलिजिबिलिटी" बघायला. दर वेळी मी दाराबाहेर, पन्हाळीखाली, डोक्यावर धार, ओटीपी वाचून आत यायचं तर तो एक्स्पायर. बिलासाठी मोबाइल नंबरची सक्ती करू नका, असं केंद्राच्या ग्राहक खात्यानं मे २०२३मध्येच दुकानदारांना बजावलंय. हेही सांगितलं. बिलिंगवरची मुलगी गोड हसली आणि म्हणाली, "सर, नंबर टाकल्याशिवाय सिस्टिम पुढे जात नाही." सिस्टिम! आमच्या लहानपणी रेशनच्या दुकानात निदान माणूस नाही म्हणायचा.

हप्तेवाला तर जळूसारखा चिकटला. "सर, नो कॉस्ट ईएमआय." मी म्हटलं, पैसे आहेत माझ्याकडे, आंब्याचे आहेत, खात्यात आहेत, कार्ड घे. त्याला विश्वासच बसेना. शून्य टक्के व्याज अशी काही चीजच नसते, असं रिझर्व्ह बँकेनं २०१३ साली बँकांना सुनावलं होतं. तेव्हापासून फक्त नाव बदललंय. प्रोसेसिंग फी विचारल्यावर तो म्हणाला, "वो तो नॉर्मल है सर." सगळंच नॉर्मल. मीच तेवढा अॅबनॉर्मल.

मॅनेजर जरा लांब गेल्यावर लांज्याचा पोरगा पहिल्यांदा मराठीत बोलला. "काका, नुसता फोन विकला तर यात काय सुटत नाय. अटॅच नाय झालं तर मॅनेजर पीस बाहेर काढू देत नाय. आमचं टार्गेट असतं." अटॅच म्हणजे फोनच्या शेपटीला बांधलेली ही कव्हरं नि काचा. मी थंड झालो. म्हणजे रागावायचं कोणावर, तेच कळेना.

आमचा भाचा न्यू जर्सीत असतो. त्याला हे सांगितलं तर तो हसतोय. म्हणे मामा, इकडे २००८च्या डिसेंबरात वॉलमार्टनं आयफोन विकायला घेतला तेव्हा महिनाभर हूल होती की ९९ डॉलरला देणार. लोक डोळे लावून बसलेले. निघाला किती? १९७. बाकी सगळीकडे १९९ होता. दोन डॉलर! एवढ्या मोठ्या दुकानदाराला त्या कंपनीनं दोन डॉलर हलू दिलं. आणि आपल्याकडे त्याच साली ऑगस्टमध्ये तोच आठ जीबीचा ३१,०००ला आला होता, ही रक्कम म्हणजे तेव्हा आमची हापूसची अख्खी बाग जेवढ्याला कराराने जायची त्याच्या निम्मी. म्हणजे भाव वरून ठरतो, दुकानदाराचा हात पोचत नाही, मग तो हात आमच्या खिशात.

चार्जरचं तर विचारूच नका. ऑक्टोबर २०२०पासून खोक्यात चार्जर देणं बंद. पर्यावरणासाठी म्हणे. मग तोच चार्जर दुसऱ्या खोक्यात घालून १,९००ला घेतला की समुद्राची पातळी उतरते वाटतं. निसर्ग वादळात ज्यांची पोफळी झोपली त्यांना जरा येऊन सांगा हे. मी म्हटलं, घरी चार चार्जर पडलेत टाइप-सीचे. मॅनेजर गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "सर, दुसरा लावला तर वॉरंटी जाते." घेतला. घरी आल्यावर लेक म्हणाली, बाबा, या मॉडेलपासून टाइप-सीच आहे, कुठलाही बरा चार्जर चालतो, मी तिथेच सांगणार होते पण तुम्ही ओरडत होतात.

हो, ओरडत होतो! दोन वर्षांपूर्वीच्या टीव्हीचंही त्यातच काढलं. "इन्स्टॉलेशन फ्री." फ्री इंजिनिअर कोल्हापूरहून येणार. आंबा घाटात दरड. एकोणीस दिवस टीव्ही भिंतीला टेकवून, वर चादर, जसं घरात कोणी आजारी आहे. आला तो भिंतीवरच्या ब्रॅकेटचे ८०० वेगळे घेऊन गेला. आणि ऑनलाइन मागवा म्हणणाऱ्यांनो, आमच्या पिनकोडवर हा फोन येत नाही. उशी येते, झाडू येतो, परवा शेजाऱ्यांकडे शेणाच्या गोवऱ्या आल्या खोक्यातून. कोकणात गोवऱ्या! फोन नाही.

तर एसटीत परत येताना मी हे सगळं हिला पुन्हा पहिल्यापासून सांगत होतो. कंडक्टरही ऐकत होता. तेव्हा ही खिडकीबाहेर बघत शांतपणे म्हणाली, "अक्षय्य तृतीयेला मुंबईच्या गिऱ्हाइकांना तुम्ही काय सांगता?"

मी गप्प.

"नुसती पेटी परवडत नाय, सोबत दोन बाटल्या कोकम सरबत नि एक पाकीट फणसपोळी घ्या, तर पोच करतो. असंच ना?"

ते वेगळं आहे. कोकम सरबत चांगलं असतं. पोटाला थंड. आणि मी गाडीभाडं कुठून काढू? पण कंडक्टर हसला, आणि सत्याला साक्षीदार मिळाला की माणसाचं काही चालत नाही. पेटीच्या तळच्या थरातल्या फळाविषयी ती काही बोलली नाही हे तिचे उपकार. म्हणजे मीही अटॅचच करतो. फक्त टाय लावत नाही.

एवढ्यावर मी शांत झालो होतो, देवाशप्पथ. प्लॅन घेतला नाही हीच मर्दुमकी मानून गणपतीच्या तयारीला लागलो. मखर लावलं, चाकरमानी आले, त्यांतल्या प्रत्येकानं फोन हातात घेऊन "कितीला पडला?" विचारलं आणि प्रत्येकानं "मुंबईत स्वस्त मिळाला असता" असं सांगितलं. तेही सोसलं. शनिवारी गणपती बसले. सोमवारी रात्री भजन आटपून पोरं मोबाइलवर बसली होती, तिकडे अमेरिकेत आयफोन १६चा सोहळा चाललेला. आणि माझा पुतण्या टाळ खाली ठेवत म्हणाला, "काका, तुमचा उतरला. ६९,९००."

दहा दिवसांत नऊ हजार सातशे रुपये!

आणि मी विचारलं होतं हो! त्या टायवाल्याला तोंडावर विचारलं होतं, नवीन मॉडेल येतंय म्हणतात, थांबू का? तर म्हणाला, "सर, याची किंमत हलत नाही. जुलैत बजेटमध्ये इम्पोर्ट ड्युटी २०ची १५ टक्के झाली, तरी ३०० रुपयेच कमी झाले. बघा तुम्हीच." आकडे खरे दिले मेल्यानं! ड्युटी खरीच कमी झाली होती, ७९,९००चा ७९,६०० खराच झाला होता. खऱ्या आकड्यांच्या आड लपून खोटं बोलला, आणि मी बागेचा हिशोब ठेवणारा माणूस मान डोलावून आलो.

आरतीच्या वेळी सगळे "सुखकर्ता" म्हणत होते आणि मी मनात ९,७०० भागिले पेटीचा भाव करत होतो. हिनं ओळखलं. प्रसाद वाटता वाटता कानाशी येऊन म्हणाली, "यंदा फळ कमी आहे, भाव काय उतरायचा नाय, आत्ताच घ्या." हे माझं वाक्य आहे. एप्रिलअखेरचं. दर वर्षीचं. आणि दर वर्षी १५ मेनंतर काय होतं ते वाशीच्या मार्केटला विचारा.

असो. काल मेसेज आला. "आपला अनुभव कसा होता? शून्य ते दहा." मी चष्मा लावला, अंगठा सरसावला, शून्य दाबणार तेवढ्यात लेक म्हणाली, "बाबा, नऊच्या खाली दिलं तर त्या पोराचं कापतात. बिलावर त्याचं नाव आहे." लांज्याचा तो बुक्का लावलेला पोरगा डोळ्यांसमोर आला. दिले दहा. दातओठ खात दिले. लगेच उलट मेसेज, "धन्यवाद सर! आता वॉशिंग मशीनवर खास तुमच्यासाठी..."

आणि ती ९९९ची काच. लावताना आत हवा राहिली. मधोमध, अगदी बोट जातं तिथे, तांदळाच्या दाण्याएवढा बुडबुडा. पोरगा म्हणाला होता, "काका, दोन दिवसांत आपोआप जातो."

बारा दिवस झाले.