गरम जेवणाचा देव? एका प्रतिक्रियेला उत्तर

गेल्या महिन्यात मी माझ्या धर्मांतराबद्दल लिहिलं. मिरजेच्या वारकरी घरातली मुलगी अमेरिकेत युटा राज्यात जाऊन मॉर्मन या ख्रिस्ती पंथात कशी गेली, असा तो लेख होता. त्याखाली 'स्पष्टवक्ता' या नावाने एका वाचकांनी लांबलचक प्रतिक्रिया दिली आहे. उत्तर तिथे मावेना, म्हणून स्वतंत्र लिहिते आहे.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी त्यांचे मुद्दे थोडक्यात सांगते. 'मॉर्मनचे पुस्तक' हा या पंथाचा धर्मग्रंथ मी लिहिल्याप्रमाणे १८२९ साली नव्हे, १८३० साली प्रसिद्ध झालं. सोन्याच्या पत्र्यांवरून ते उतरवल्याची कथा बनावट आहे. पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथने अनेक बायका केल्या. काळ्या पुरुषांना १९७८ पर्यंत या चर्चमध्ये पौरोहित्य मिळत नव्हतं. आपल्याकडे ज्याचं कोणी नावही ऐकलं नव्हतं असा उपरा धर्म ज्ञानेश्वरी वाचलेल्या बाईने पत्करावा याचं त्यांना आश्चर्य वाटतं. माझ्या आईला काय वाटलं असेल, अशी चिंताही त्यांनी केली आहे. आणि शेवटचं वाक्य जसंच्या तसं देते: "बाईसाहेब, परदेशातल्या एकटेपणात ज्यांनी दारात गरम जेवण आणून दिलं त्यांचा देव तुम्हाला खरा वाटला, एवढीच ही गोष्ट आहे. तिला शोध वगैरे म्हणू नका."

आधी चूक मान्य करते. साल १८३० हेच बरोबर. छपाईला सुरुवात १८२९ मध्ये झाली होती, पण न्यूयॉर्क राज्यातल्या पाल्मायरा गावी पुस्तक विक्रीला आलं ते मार्च १८३० मध्ये. माझी घाई नडली. दाखवून दिल्याबद्दल आभार, मनापासून.

आता 'बाईसाहेब'. मी इथे आठ वर्षं लिहिते आहे आणि माझ्या नावाने लिहिते. तुमच्या जुन्या प्रतिक्रिया मी शोधून वाचल्या. लडाखच्या प्रवासवर्णनाखाली तुम्ही त्या लेखकांना 'सर' म्हणता. शेअर बाजारावर लिहिणाऱ्यांशी तुमचे कडाक्याचे मतभेद आहेत, तिथेही 'साहेब, आपला आदर राखून' अशी सुरुवात आहे. मला मात्र 'बाईसाहेब', आणि त्याच प्रतिक्रियेत 'गिळलंत'. एखाद्या बाईने देवाबद्दल स्वतः काही ठरवलं की तिला समजावून सांगायचा सूर आपोआप लागतो का? मुद्दे कडक असायला माझी हरकत नाही. या सुराला आहे.

आणि ते जेवण. तुमच्या एवढ्या मोठ्या प्रतिक्रियेतलं हे एकच वाक्य मला झोपू देईना, म्हणून त्यावरच सविस्तर लिहिते.

युटातल्या लीहाय या गावी आम्ही २०१६ च्या उन्हाळ्यात आलो. नवऱ्याची नोकरी तिथली, माझ्या व्हिसावर नोकरी करायला परवानगी नव्हती. नोव्हेंबरात आमच्या घरी एक दुःख झालं. ते मी लेखात लिहिलं नव्हतं आणि इथेही लिहिणार नाही. तिसऱ्या दिवशी शेजारची बाई काचेचं मोठं भांडं घेऊन दारात उभी राहिली. युटात या पदार्थाला 'फ्यूनरल पोटॅटोज' म्हणतात. किसलेला बटाटा, चीज, वर कॉर्नफ्लेक्सचा चुरा. कोणाकडे मयत झालं की बायका तो करून नेतात, तिथली ती रीतच आहे. तुम्ही म्हणता ते गरम जेवण हेच.

त्यात डब्यातलं चिकन सूप घातलेलं होतं. आम्ही शाकाहारी. मी तिचे आभार मानले, दार लावलं, आणि ते भांडं दोन दिवस फ्रिजमध्ये तसंच राहिलं. मग धुऊन परत दिलं. ज्या जेवणापायी मी देव बदलला असं तुम्ही म्हणता, त्यातला एक घासही माझ्या पोटात गेलेला नाही. तुम्ही मला विचारलं असतंत तर मी सांगितलं असतं. तुम्ही विचारलं नाहीत.

माझा बाप्तिस्मा मे २०१९ मध्ये झाला. म्हणजे मध्ये अडीच वर्षं गेली. विल्फर्ड वुडरफ पुढे या चर्चचे अध्यक्ष झाले. तेही तरुणपणापासून खरा धर्म शोधत फिरत होते. १८३३ च्या डिसेंबरात त्यांनी एका संध्याकाळी मॉर्मन प्रचारकांचं बोलणं ऐकलं आणि दोनच दिवसांनी, ३१ तारखेला, तीन फूट बर्फ पडलेलं असताना ओढ्याच्या थंडगार पाण्यात बाप्तिस्मा घेतला. माझ्याकडे तेवढं धैर्य नव्हतं. मी अडीच वर्षं वाद घातला.

त्याआधीचंही सांगते, कारण 'शोध वगैरे म्हणू नका' हे तुमचेच शब्द आहेत. आजीबरोबर मी दोनदा वारीला चालले, एकदा तेराव्या वर्षी, एकदा बी.ए.च्या परीक्षेनंतर. इगतपुरीला विपश्यनेची दहा दिवसांची तीन शिबिरं केली. तिसऱ्या वेळी आठव्या दिवशी इतकी रडले की उठता येईना, आणि तरी त्या मौनाची मी आजही ऋणी आहे. नंतर दोन वर्षं दर शनिवारी एका आश्रमात सेवेला जात होते. तिथे एकदा गुरूंना विचारलं की मृत्यूनंतर आपली माणसं आपल्याला ओळखतील का. "प्रश्न हा अहंकार आहे," एवढंच उत्तर मिळालं आणि पुढच्या शनिवारी माझं नाव सेवेच्या यादीत नव्हतं. हा प्रश्न घेऊन मी पस्तिसाव्या वर्षी विमानात बसले. याला तुम्ही काय म्हणता ते म्हणा, मी शोधच म्हणणार.

२०१८ मध्ये दोन मुली दारात आल्या. सिस्टर मिशनरी, म्हणजे या चर्चच्या तरुण प्रचारक. मुलींची ही सेवा अठरा महिन्यांची असते. एक आयडाहोची, एक टोंगा बेटांवरची. वीस वर्षांच्याही नसतील. मी त्यांना चहा विचारला, जो त्यांना वर्ज्य. त्यांनी गोड हसून पाणी मागितलं आणि मला ओशाळल्यासारखं झालं. मी त्यांना तोच प्रश्न विचारला. टोंगाची मुलगी म्हणाली, हो, ओळखतील, आमच्या मंदिरात कुटुंबं अनंतकाळासाठी बांधली जातात. मी म्हटलं, हे खरं कशावरून? ती म्हणाली, माझ्यावर विश्वास ठेवू नका, वाचा आणि देवालाच विचारा.

'मॉर्मनच्या पुस्तका'च्या शेवटच्या प्रकरणात त्यातला मोरोनी नावाचा संदेष्टा हेच सांगतो: वाचा, मनात घोळवा, मग पित्याला विचारा. मी ५३१ पानं चार महिन्यांत वाचली. युद्धांची प्रकरणं कंटाळवाणी वाटली. काही पानांवर मात्र पेन्सिल थांबली. मार्चमधल्या एका संध्याकाळी किराणा दुकानाच्या आवारात गाडीत बसले होते. टिंपानोगस डोंगरावर अजून बर्फ होता. मी मोठ्याने, मराठीत, विचारलं. इंग्रजीत विचारणं मला नाटकी वाटलं असतं. आकाशवाणी झाली नाही. लहानपणी आजी दळण निवडताना मी काही विचारलं की ती वर न बघता "हं" म्हणायची. त्या "हं"मध्ये सगळं असायचं, ऐकलं आहे, हो आहे, आता निजायला जा. तसं झालं. याहून जास्त पुरावा माझ्याकडे नाही.

बाप्तिस्म्यात अंगाचा एकही भाग, केससुद्धा, पाण्याबाहेर राहून चालत नाही. दोन साक्षीदार बघत असतात. पहिल्या वेळी माझी वेणी वर तरंगली, म्हणून पुन्हा बुडी घ्यावी लागली.

आणि मी काय दिलं, हेही मोजा, कारण व्यवहाराची भाषा तुम्हीच काढलीत. चहा सोडला. दारू, तंबाखू, चहा आणि कॉफी टाळा हा उपदेश या लोकांत १८३३ पासून आहे, पुढे तो सक्तीचा नियम झाला. मिरजेच्या घरात पहाटे पाचला स्टोव्हवर चहा उकळायचा, त्या वासाने मी जागी व्हायचे. तो चहा मी चाळिशीच्या उंबरठ्यावर सोडला आणि पहिले सहा आठवडे डोकं फुटायची वेळ आली. नवीन व्हिसावर नोकरी लागली तेव्हापासून पगाराचा दहावा भाग चर्चला जातो. महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन वेळचं जेवण आणि पाणी बंद, आणि त्या जेवणाचे पैसे गरजूंसाठी. आजीची निर्जळी एकादशी मला तिथे परत भेटली. गरम जेवणासाठी हे कोणी करतं का?

पण समजा, मी ते बटाटे खाल्ले असते. समजा, रडत रडत सगळं भांडं संपवलं असतं. मग काय? वारीच्या वाटेवर लोक चूल पेटवून बसतात. पिठलं-भाकरी, चहा, केळी, पायाला लावायला तेल. दिंड्यांना गावोगाव पंगती पडतात. त्या भाकरीमुळे आजीला विठ्ठल खरा वाटला, असं तुम्ही तिला तोंडावर म्हणाला असतात? नसतं म्हटलंत. तिथे तुम्हाला भाकरीतच भक्ती दिसते. तीच भाकरी गोऱ्या बाईने काचेच्या भांड्यात आणली की ते आमिष होतं.

हा आरोप जुना आहे. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. संस्कृत शिकलेली, दुष्काळात आईवडील गमावलेली, भारतभर पायी हिंडलेली ही बाई. स्वतःच्या बुद्धीने ती तिथे पोहोचली असेल हे पुष्कळांच्या गळी उतरेना. आणि बाप्तिस्म्यानंतरही त्या चर्चच्या अधिकाऱ्यांशी सिद्धान्तांवर भांडत राहिल्याच. मी रमाबाई नाही. पण तुमचं वाक्य कुठून येतं ते मी ओळखते.

बाकीच्या मुद्द्यांवर फार लिहीत नाही. बहुपत्नीत्व झालं, ते चर्चने १८९० मध्ये थांबवायला घेतलं. पौरोहित्याचा नियम जून १९७८ मध्ये बदलला. तो कधीच असायला नको होता असं मी मानते, आणि आमच्या वॉर्डात, म्हणजे स्थानिक मंडळीत, हे बोलूनही दाखवलं आहे. सोन्याच्या पत्र्यांबद्दल तुम्ही आणि मी कधीच एकमत होणार नाही, त्यामुळे ते राहू द्या. 'उपरा धर्म' म्हणता, तर १८५२ साली ह्यू फिंडले नावाचे मॉर्मन प्रचारक मुंबईत उतरले होते आणि पुण्यात त्यांनी छोटीशी शाखाही काढली होती. ती फार टिकली नाही. पण 'आपल्याकडे कोणी नावही ऐकलं नव्हतं' हे तुमचं विधान बरोबर नाही. साल दाखवून देणाऱ्याने एवढं तरी बघायचं होतं.

राहता राहिली आई. माझ्या लेखात ती एका वाक्यात आली होती. तिचं दुःख तुम्ही माझ्याविरुद्ध वापरलंत, याचा मला राग आहे आणि तो मी लपवत नाही. मी फोनवर सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "चहा पण नाही?" आठ महिने आम्ही नीट बोललो नाही. गेल्या वर्षी ती इथे सहा महिने राहिली. रोज सकाळी स्वतःसाठी चहा करायची, मी समोर गरम पाणी घेऊन बसायचे. एका रविवारी ती माझ्याबरोबर चर्चमध्ये आली, शेवटच्या बाकावर बसली आणि पाव-पाण्याचं तबक समोर आल्यावर तिने नमस्कार करून ते पुढे दिलं. यापलीकडे त्यात काय आहे ते तिचं आणि माझं आहे. कृपा करून तिच्याबद्दल इथे पुन्हा लिहू नका.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. मूळ लेखात १८२९ चं १८३० केलं आहे.