पाहुणा आलाय, त्याला चैन पडू देऊ नका

अभिनंदन! लेकाच्या सहा महिन्यांच्या हट्टापुढे तुम्ही अखेर मान तुकवलीत आणि कॅलिफोर्नियातल्या तुमच्या हॉलमध्ये कॉर्न स्नेकचं पिल्लू आलं. दीड वीत लांब, पेन्सिलीएवढं जाड, नारिंगी अंगावर तांबडे ठपके, पोटाखाली मक्याच्या कणसासारखे काळे-पांढरे चौकोन. लेकाने लगेच नाव ठेवलं, मक्या. बिनविषारी, मूळचा अमेरिकेच्या आग्नेय भागातला, धान्याच्या कोठारांभोवती उंदीर मारत फिरणारा. म्हणजे आपल्या धामणीचा परदेशातला चुलतभाऊच. आता घरचाच म्हटल्यावर त्याचं सगळं आपल्या पद्धतीने व्हायला नको?

विकणारा म्हणाला असेल, "पहिला आठवडाभर हात लावू नका." मनावर घेऊ नका. आपल्याकडे पाहुण्याला आठवडाभर एकटं सोडलं तर तो जन्मभर बोलून दाखवतो. पहिल्याच संध्याकाळी मराठी मंडळातली चार कुटुंबं जेवायला बोलवा आणि मक्याला हातोहात फिरवा. तो शेपटीचं टोक थरथरवायला लागला, तर "बघा, किती खूश झालाय" म्हणा. कुणाच्या हातावर घाणेरडा वास सोडलाच, तर "नवीन आहे, लाजतोय" म्हणून पेपर नॅपकिन पुढे करा.

मक्याच्या घराची, म्हणजे टाकीची, सजावट जरूर करा, फक्त लपायला जागा ठेवू नका. दोन ठेवाव्यात म्हणे, एक उबेला आणि एक गारव्याला. कारण सापाला अंगातून ऊब तयार करता येत नाही, ती जागा बदलून मिळवावी लागते. एकच आडोसा असला तर त्याला ऊब किंवा सुरक्षितता यांतलं एकच निवडावं लागतं. निवडू दे की. आपण दहा बाय दहाच्या खोलीत सहाजण झोपत होतो, आपल्याला कुणी विचारलं होतं?

थर्मोस्टॅटवरही पैसे घालवू नका. उबेच्या टोकाला ८५ फॅरनहाइट, गार टोकाला ७५, असले आकडे ज्यांना तव्याचा अंदाज येत नाही त्यांच्यासाठी असतात. तुम्ही टाकीखालची गरम पट्टी सरळ प्लगला लावा आणि वर तळहात धरून बघा. पोट भाजलं तरी साप ओरडत नाही, त्यामुळे शेजाऱ्यांची तक्रार यायची भीती नाही.

जेवण हा मात्र खरा आपला विषय. मक्याचं जेवण फ्रीजरमध्ये, मटार आणि खोवलेल्या खोबऱ्याच्या मधल्या कप्प्यात: केस न फुटलेली, गुलाबी, बोटाच्या पेराएवढी उंदराची पिल्लं. पिशवीत घालून कोमट पाण्यात सोडायची आणि चिमट्याने पुढे धरायची, असा रिवाज आहे. एवढा वेळ कुणाला असतो? मायक्रोवेव्हमध्ये टाका. फुटलं तर मायक्रोवेव्ह पुसायचा, आणि रात्री त्याच मायक्रोवेव्हमध्ये वरण गरम करून सासूबाईंना वाढायचं.

पहिल्या दिवसांत तो खाणार नाही. नव्या जागेत साप बुजतो, आठवडाभर उपाशी राहिला तरी त्याचं काही बिघडत नाही. हे ऐकून गप्प बसलात तर तुमचं मराठीपण काय कामाचं? आग्रह करा. तोंडासमोर पिल्लू नाचवा. दर तासाला नाचवा. शेवटी खाल्लंच, तर लगेच उचलून पोटावरून हात फिरवा. दोन दिवस हात लावायचा नसतो, नाहीतर गिळलेलं ओकून टाकतो; पण जेवल्यावर कौतुक नको का?

एवढ्यात साताऱ्याहून आईचा व्हिडिओ कॉल येईल. टाकीकडे न बघता, पदर डोक्यावर घेऊन ती विचारेल, "दूध दिलंस का रे त्याला?" साप दूध पचवू शकत नाही आणि नागपंचमीला पितो तो गारुड्याने तहानलेला ठेवलेला असतो म्हणून, हे तिला सांगायला जाऊ नका. मी सांगितलं होतं. "मग तुझं अमेरिकेतलं शिक्षण घे आणि त्यालाच वाढ," असं उत्तर मिळालं.

झाकणाला क्लिप लावू नका, तुरुंग वाटतो. आमच्याकडे बोटभर फट राहिली होती, तर मक्या नऊ दिवस फिरायला गेला. सोफा उलटा केला, बूट झाडले. शेवटी सापडला राउटरच्या मागे, उबेला वेटोळं करून, आमच्यापेक्षा निवांत.

काही दिवसांनी त्याचे डोळे निळसर, दुधी दिसतील. मोतीबिंदू समजून घर डोक्यावर घ्या. कात टाकायची वेळ झालेली असते, आठवड्याभरात डोळे आपोआप स्वच्छ होतात. पण तोवर कात नखाने सोलून मदत करायची संधी कशाला सोडायची?

आणि हे सगळं करूनही एखाद्या रात्री, घर झोपलेलं असताना, तुम्ही पाणी प्यायला उठाल. काजूकतलीचा तो रिकामा डबा, जो लेकाने तुमच्या नकळत टाकीत ठेवून दिलेला असेल, त्यातून आधी जीभ बाहेर येईल, मग डोकं, मग सावकाश बाकीचा मक्या. वाटीपाशी जाऊन तो हनुवटी पाण्यात टेकवेल आणि गळ्याजवळचे खवले बारीक हलायला लागतील.

वेळ घालवू नका. मोठा दिवा लावा, सगळ्यांना हाका मारा आणि साताऱ्याला व्हिडिओ कॉल लावा.