गॅलियम लावलेलं ॲल्युमिनियम आणि चौदा युनिटांचा हिशेब

"हायड्रोजन काढायला वीज कशाला हवी? भंगारातलं ॲल्युमिनियम पाण्यात टाका, झालं!" सलीलने विषय काढला आणि कट्टा तापला.

"नुसतं टाकून काही होत नाही," मंदार म्हणाला. "घरातल्या ॲल्युमिनियमच्या पातेल्यात रोज पाणी असतं, कुठे येतात बुडबुडे? हवा लागल्याबरोबर धातूवर ऑक्साइडचा काही नॅनोमीटरचा थर बसतो. तो मोडायला हवा."

"कॉस्टिक सोड्याने मोडतो की."

"मोडतो, पण ते गरम पाणी उसळून अंगावर आलं की भाजतं. गॅलियम-इंडियम, म्हणजे या दोन मऊ धातूंचं मिश्रण, बरं. वजनाने साधारण ७५ भाग गॅलियम, २५ भाग इंडियम. १६ अंशांच्या आसपास वितळतं, म्हणजे आपल्या हवेत द्रवच. हातमोजे घालून त्याच्या थेंबाखालीच ॲल्युमिनियमची गोळी खरवडायची, म्हणजे ताज्या धातूला ते धरतं आणि कणांच्या फटींतून आत झिरपतं. गोळी उबदार ठेवली की लवकर मुरतं. नीट मुरलं असेल तर तीच टणक गोळी चिमटीत चुरडते."

"मग डब्यात भरून ठेवायच्या?" नानांनी विचारलं.

"कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात, नाना. पावसाळ्यातली ओल पोचली तर तिथेच राखाडी भुकटी होते. डबा काचेचा किंवा प्लॅस्टिकचा घ्या, ॲल्युमिनियमचा असेल तर गॅलियम त्यालाही पोखरेल."

सलील अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या २०२४ सालच्या प्रयोगावर आला. समुद्राच्या पाण्यात गॅलियम-इंडियमचे थेंब पुन्हा गोळा करता येतात. पण तिथे क्रिया मंदावते, दोन तास लागतात. कॉफीचा चोथा घातल्यावर वेग वाढला, आणि कॅफीनमधला इमिडाझोल हा रासायनिक घटक थोडासा घातल्यावर तेच काम पाच मिनिटांत झालं.

"वेग वाढला की उष्णताही एकदम सुटते," मंदारने बजावलं. "१० ग्रॅम ॲल्युमिनियममधून साडेतेरा लिटरच्या आसपास गॅस मिळतो, आणि तेवढ्यानेच लिटरभर पाणी ३८ अंशांनी तापतं. १०० ग्रॅम टाकलंत तर पाणी उकळून अर्ध्याहून अधिक वाफ होऊन जाईल. म्हणून गोळ्या थोड्या थोड्या सोडायच्या, भांडं कधीच बंद करायचं नाही, गॅस थंड पाण्यातून न्यायचा. सुरुवातीचा गॅस हवेत मिसळलेला असतो, तो मोकळ्यावर सोडून द्यायचा. हवेत ४ टक्के हायड्रोजन झाला की ठिणगी पुरते."

नाना मुद्द्यावर आले. "खनिजातून किलोभर ॲल्युमिनियम गाळायला साधारण १४ युनिट वीज लागते. त्यातून हायड्रोजन निघतो ११२ ग्रॅम. तीच १४ युनिटं सरळ इलेक्ट्रोलायझरला, म्हणजे विजेने पाण्यातून हायड्रोजन काढणाऱ्या यंत्राला, दिली तर अडीचशे ग्रॅमच्या वर निघतो. हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे."

"पण भंगाराची वीज आधीच खर्च झालीय ना!"

"भंगार पुन्हा वितळवायला नव्या धातूच्या ५ टक्के ऊर्जा पुरते," मंदार म्हणाला. "ते तू पाण्यात घातलंस की त्याच्या जागी कोणीतरी नवा धातू गाळणार. त्याची वीज तुझ्याच खात्यावर."

सलील थोडा नमला. "मग वितळवून काही हाती लागत नाही असं मिश्र भंगार घेऊ. आणि होडीवर? सिलिंडर नको, पाणी तिथलंच, उष्णताही वापरता येईल."

तिथे मंदारही राजी झाला. "उष्णता वाया घालवलीस तर साधारण अर्धी ऊर्जा गेली, ती वापरणाऱ्यालाच हे परवडेल."

"आणि किलोभर ॲल्युमिनियममागे २.९ किलो ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड उरतं, कोरडं धरून," नाना म्हणाले. "गॅलियम परत हवं असेल तर तो पांढरा चिखल परत आणावा लागणार. होडी निघाली त्याहून जड होऊन किनाऱ्याला लागेल, ते वजन आधी धरा."