समुद्रात उजेड पाडण्याची रीत

मासे पकडायला शिकायचंय? मग आधी ती रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं जाळं, विसरा. पन्नास माणसांनी वाळूत पाय रोवून दोर ओढायचे आणि शेवटी वाट्याला काय, तर टोपलीभर पेडवे. तुम्ही हुशार माणूस. तुम्ही माशांमागे जायचं नाही, माशांनी तुमच्याकडे यायचं.

एक जनरेटर घ्या. बोटीवर आणि पाण्याखाली भरभक्कम एलईडी लावा. रात्र अमावास्येच्या आसपासची धरा. चांदणं पडलं की तुमच्या दिव्यांना कुत्रं विचारत नाही. उजेडाला बारीक मासळी जमते, तिला खायला मोठी येते. पोरंबाळं, पोटात गाभोळी, म्हणजे अंडी, असलेल्या माद्या, सगळी एका पंगतीला. मग पर्ससीनचं जाळं गोल फिरवा, तळाची दोरी खेचा. बटव्याचं तोंड मिटावं तसं मिटतं.

कायदा? आहे ना! केंद्राने नोव्हेंबर 2017 मध्येच अशा दिव्यांवर बंदी घातली. महाराष्ट्राचा कायदा 1981 चा. 2021 च्या दुरुस्तीने त्यात एलईडीला 5 ते 20 लाखांचा दंड आला. एवढ्याने दचकू नका, त्याला विजेचं बिल म्हणा. शिवाय 12 सागरी मैलांपर्यंत पाणी राज्याचं, पुढचं केंद्राचं. तुम्ही त्या रेषेवरच बिऱ्हाड करा. विचारलंच कुणी, तर नेमकं दुसऱ्याच्या हद्दीत असल्याचं सांगता येतं.

एरवी चोर अंधार शोधतो. चोरी करताना दिवे लावणारा हा जगातला एकमेव धंदा असावा, आणि तरी तो सापडत नाही म्हणून 2025 पासून ड्रोन उडताहेत. मालवणच्या किनाऱ्यावर बसलेल्या एखाद्या म्हाताऱ्या रापणकराला विचारून बघा. समोर क्षितिजावर दिव्यांची आंगणेवाडीची जत्रा भरलेली असते. तो म्हणेल, "ड्रोन कित्याक होयो? माका हयसूनच दिसता." पण त्याचं मनावर घेऊ नका. त्याच्याकडे बॅटरीसुद्धा धड नसते.

1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद. माशांची वीण व्हावी म्हणून हो! तेवढे दिवस दिवे घासूनपुसून ठेवा. आणि बंदी उठल्यावर रापणीत नुसता शेवाळ आला, तर त्या म्हाताऱ्याला प्रेमाने समजावा : आजोबा, हवामान बदललंय.