शुक्रवारचा मासा आणि मिलवॉकीची बातमी

मंडळी, थोडं लांबलंय. चहा घेऊन बसा.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या आमच्या मिलवॉकी शहरात, मराठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कोणालाही झोपेतून उठवून विचारा, पुणे मेट्रो कुठवर आली ते घडाघडा सांगेल. कोथरूडचं पाणी, खड्डे, महापालिकेची निवडणूक, सगळं तोंडपाठ. पण 2 एप्रिल 2024 ला इथल्या सरकारी शाळांना वाढीव निधी द्यायचा की नाही यावर मतदान झालं, ते ग्रुपच्या गावीही नव्हतं. रक्कम साधी नव्हती. चार वर्षांत टप्प्याटप्प्याने वाढवत वर्षाला 25 कोटी 20 लाख डॉलर. ठराव पास झाला तो दोन हजारांहूनही कमी मतांनी. आणि मग डिसेंबरात प्रॉपर्टी टॅक्सची बिलं आली तेव्हा आमचे लोक जागे झाले: "अरे, हे एवढं कशानं वाढलं?"

मला ते आधी कळलं होतं, याचं श्रेय तळलेल्या माशाला.

जे विस्कॉन्सिनबाहेर राहतात त्यांच्यासाठी सांगते. इथे शुक्रवार म्हणजे फिश फ्राय. जर्मन आणि पोलिश कॅथलिक लोक इथे मोठ्या संख्येने आले, शुक्रवारी मांस वर्ज्य, पण मासा चालतो. (आपल्याकडे उपासाला साबुदाणा चालतो आणि मग तो दुप्पट खाल्ला जातो, तोच न्याय.) दारूबंदीच्या काळात बिअर विकता येईना, तेव्हा गुत्त्यांनी गिऱ्हाईक टिकवायला स्वस्तात मासे तळून द्यायला सुरुवात केली, असं इथली जुनी माणसं सांगतात. 1966 मध्ये अमेरिकेतल्या बिशपांनी लेंट (ईस्टरआधीचा उपासाचा काळ) सोडून बाकीच्या शुक्रवारचा नियम सैल केला, तरी मिलवॉकीने कढई काही उतरवली नाही. लेकफ्रंट ब्रुअरीत पोल्का बँडसोबत मिळतो, वेस्ट अ‍ॅलिसच्या केगल्स इनमध्ये मिळतो, कोपऱ्यावरच्या बारमध्ये मिळतो. पण खरी मजा लेंटमध्ये, चर्चच्या तळघरात.

आमच्या बे व्ह्यू वस्तीजवळच्या एका चर्चमध्ये मी जाते. जिन्यातच तेलाचा वास येतो. खाली लांबच लांब टेबलं, त्यावर पांढरा कागद अंथरलेला, दाराशी रोख पैसे घेऊन रंगीत कुपन फाडून देणाऱ्या दोन आजी. आत निवृत्त मंडळी एप्रन बांधून कॉड माशाचे तुकडे बिअरच्या पिठात बुडवून सोडत असतात. ताटात दोन-तीन तुकडे, कोलस्लॉ म्हणजे कोबीची कोशिंबीर, राय ब्रेडची फोड, आणि हवं असेल तर फ्राइजऐवजी पोटॅटो पॅनकेक. तो घ्याच. किसलेल्या बटाट्याचा, कडेला जाळी पडून करकरीत झालेला, मध्ये मऊ, आणि सोबत सफरचंदाचा गोड सॉस. पहिल्यांदा विचित्र वाटतं, दुसऱ्या घासाला नाही. माशाला मात्र मीठ-मिरी सोडून काही नाही हे कबूल. मी पर्समध्ये लसणाच्या चटणीची छोटी डबी ठेवते. शेजारी बसलेल्या आजोबांनी एकदा चिमूटभर मागितली, मग डबीच स्वतःकडे ओढली.

त्याच टेबलावर त्या मार्चमध्ये शाळांच्या निधीवरून जुंपली होती. एक बाई जन्मभर शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांचं म्हणणं, राज्य सरकार हात आखडून बसलंय, चित्रकला आणि संगीताचे शिक्षक आधी जातील. समोर पेन्शनवर राहणारे गृहस्थ. "माझं घर फिटलंय," ते म्हणाले, "टॅक्स काही फिटत नाही." दोघंही मला पटत होते. मासा गार होईपर्यंत वाद चालला आणि मग दोघांनी एकाच रॅफलची (सोडतीची) तिकिटं घेतली.

एवढी माहिती मला कुठल्याही मराठी कट्ट्यावर मिळाली नसती.

आता पुढचं ऐका. मतदानाला दोन महिने होतात न होतात तोच बातमी आली की शाळा खात्याने राज्याला द्यायचे आर्थिक अहवाल कित्येक महिने दिलेलेच नाहीत. जूनमध्ये शाळा खात्याचे प्रमुख, सुपरिंटेंडंट कीथ पॉस्ली यांनी राजीनामा दिला. हेच मार्चमध्ये बाहेर आलं असतं तर इतक्या थोड्या मतांचा निकाल तसाच राहिला असता का? ताटावर बसून भांडणाऱ्या त्या दोघांकडे तेव्हा ही बातमी असायला हवी होती.

म्हणून मी जर्नल सेंटिनेल या इथल्या पेपरचे पैसे भरते. त्यावर नवरा हसतो. हसू दे. सेंटिनेल 1837 चा, जर्नल 1882 चा, 1995 मध्ये दोन्ही एक झाले. जर्नल तर कित्येक वर्षं त्यात काम करणाऱ्यांच्याच मालकीचा होता! 2016 मध्ये तो गॅनेट या मोठ्या साखळीकडे गेला आणि 2022 मध्ये छपाई थेट शेजारच्या राज्यात, इलिनॉयमधल्या पिओरियाला. म्हणजे मिलवॉकीचा पेपर छापून रात्रीतून ट्रकने मिलवॉकीत येणार. मग रात्रीच्या मॅचचा निकाल सकाळच्या पेपरात कसा असेल? पैसे भरायचे नसतील तर मिलवॉकी नेबरहूड न्यूज सर्व्हिस फुकट आहे, 2011 पासून चालू आहे, गल्लीबोळातल्या बातम्या देते. ती तरी वाचा.

"फेसबुकवरच्या नेबरहूड ग्रुपवर कळतं की सगळं," असं कोणी म्हणेलच. काय कळतं? रात्री अकराला "आत्ता आवाज आला तो फटाका की गोळी?" यावर 140 कॉमेंट, आणि हरवलेलं मांजर. मांजर सापडावं, माझी काही तक्रार नाही. पण शाळा खात्याचे हिशेब मांजर शोधणारे तपासत नाहीत.

दुसरा मुद्दा टॅक्सचा. 1 जानेवारी 2024 पासून मिलवॉकी शहरात सेल्स टॅक्स साडेपाचचा 7.9 टक्के झाला. शहराच्या कर्मचाऱ्यांच्या पेन्शनचा खड्डा भरायला आणि पोलीस-अग्निशमन दलाला पैसा लागतो म्हणून. शेजारच्या ब्रुकफिल्डमध्ये तो पाचच टक्के. तर आमची हुशार मंडळी जेवायला ब्रुकफिल्डला जातात आणि समरफेस्ट या संगीत महोत्सवाला, मिशिगन तळ्याकाठी फिरायला, पाहुण्यांना आर्ट म्युझियमच्या इमारतीचे उघडमीट होणारे पंख दाखवायला शहरात येतात. शंभर डॉलरच्या खरेदीवर तीन डॉलर वाचवायला पंधरा मैल गाडी हाकणाऱ्यांना गणित मी शिकवावं का?

आणि आपल्या मराठी मंडळाबद्दल थोडं, रागावू नका. आपण शाळेचा हॉल भाड्याने घेतो, गणपती बसवतो, ऑनलाइन कुपनं काढतो, उत्तम जेवतो आणि हॉल झाडून घरी येतो. त्या शाळेच्या समोरच्या घरातल्या माणसाला आत काय चाललंय याचा पत्ता नसतो. इटालियन लोकांनी 1978 मध्ये फेस्टा इटालियाना सुरू केली, आयरिश लोकांनी 1981 मध्ये आयरिश फेस्ट, दोन्ही तळ्याकाठच्या मैदानावर, सगळ्यांसाठी. आपल्याला एवढं मोठं नको. महिन्यातून एका शुक्रवारी झुणका-भाकरी, दाराशी रोख पैसे, कोणीही या. फॉर्म नाही, मेंबरशिप नाही. मी समितीला दोनदा सुचवलं. पहिल्यांदा इन्शुरन्सचा मुद्दा आला, दुसऱ्यांदा "भाकऱ्या थापणार कोण?" हा. दुसरा प्रश्न रास्त आहे. माझ्या भाकरीला पदर सुटत नाही, पण तीस थापून द्यायची तयारी आहे.

तोवर लेंटमध्ये माझ्यासोबत चला. शाकाहारी मंडळींसाठी मॅक अँड चीज असतं, पोटॅटो पॅनकेकही, फक्त तेल तेच असतं का ते आधी विचारून घ्या. साडेचारला दार उघडतं. सहानंतर आलात तर रांग जिन्यावर असते आणि पॅनकेक संपलेले असतात. ज्यांना यायचंय त्यांनी खाली लिहा, दोन गाड्या भरल्या की तारीख ठरवू.