‘९४ टक्के अपघात माणसाच्या चुकीने’ : एका आकड्याचा प्रतिवाद

‘रस्त्यावरचे ९४ टक्के अपघात माणसाच्या चुकीमुळे होतात, चालक सुधारला की अपघात थांबतील,’ हा दावा भाषणांतून आणि मोबाईलवरच्या संदेशांतून वारंवार भेटतो.

हा आकडा अमेरिकेच्या महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने २०१५ साली काढलेल्या टिपणातला असून २००५ ते २००७ या काळात तपासलेल्या ५,४७० अपघातांच्या नमुन्यावर तो बेतलेला आहे. त्या पाहणीत प्रत्येक अपघाताला एकच ‘निर्णायक कारण’ दिले गेले, आणि ते बहुधा घटनाक्रमातला शेवटचा दुवा असते. त्याला अपघाताचे कारण किंवा दोषनिश्चिती समजू नये, असा खुलासा टिपणातच आहे. संदेशांतून नेमका तोच गळाला.

खरी अडचण मोजमापाची आहे. चौदा तास गाडी चालवून थकलेला चालक फलक नसलेल्या निसरड्या वळणावर ब्रेक उशिरा दाबतो, तेव्हा एकाच रकान्यात ‘चालक’ अशी नोंद होते, आणि रस्ता, हरवलेला फलक व मालकाने आखलेले वेळापत्रक यांच्या वाट्याला शून्य येते. यांतली एखादी गोष्ट वेगळी असती तरी अपघात टळू शकला असता. म्हणजे प्रत्येकाचा सहभाग मोजला तर बेरीज १००च्या पुढे जायला हवी. ती बरोबर १०० भरते, कारण तक्ताच तसा आखलेला आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर प्रत्यक्ष जागेवर जाऊन केलेल्या अपघात-अभ्यासात माणूस, वाहन आणि रस्ता हे घटक एकाच अपघातात एकत्र नोंदवता येत होते, शिवाय अपघात कशाने घडला आणि इजा कशाने झाली हे दोन प्रश्न वेगळे ठेवले होते. मला हीच पद्धत प्रामाणिक वाटते.

चूक माणसाची असली तरी उपायही माणसातच शोधावा, हे ओघाने येत नाही. दुसऱ्या महायुद्धात बी-१७ विमानांचे वैमानिक उतरल्यावर फ्लॅपऐवजी (पंखांच्या हलत्या झडपांऐवजी) चाके मिटत. दोन्ही कळा शेजारी आणि सारख्याच आहेत, हे मानसशास्त्रज्ञ अल्फोन्स चपानिस यांनी १९४३ मध्ये दाखवले. चाकांच्या कळीला चाकाचा आकार दिल्यावर ती चूक थांबली, वैमानिक मात्र बदलले नव्हते. द्रुतगती मार्गावर २०१६ पासून वेगावर कारवाई झाली, तशीच उघड्या अडथळ्यांपुढे संरक्षक कठडे बसवण्यासारखी रस्त्यावरची कामेही झाली, आणि पुढच्या काही वर्षांत तिथले मृत्यू निम्म्याहून खाली आले.

दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याची जबाबदारी यामुळे तसूभरही कमी होत नाही. पण त्याला शिक्षा कोणती, हा न्यायालयाचा प्रश्न आहे. त्याच वळणावर पुढचा अपघात कसा टळेल, हे विचारणाऱ्या अपघात-नोंदीच्या तक्त्यात कारणांसाठी एकाहून अधिक रकाने असायला हवेत.