मसुराची मिसळ का बिघडली? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. व्हीगन मिसळीच्या माझ्या पाककृतीवर तुमच्या तक्रारी तीन: मटकी नव्हती म्हणून अख्खे मसूर घेतले तर लगदा झाला, खोबऱ्याऐवजी तीळ वाटले तर रस्सा कडवट लागला, आणि तर्री, म्हणजे रश्शावर तरंगणारं लाल तेल, आलीच नाही. वर 'हे नाही तर ते घाला असं लिहायला काय जातं, निस्तरायचं आम्ही' हा टोला. शिवाय मिसळ मुळात दुधातुपाशिवायच होते, मग तिला व्हीगन म्हणून मिरवायचं कशाला, असंही विचारलंत.

जिन्नस बदलायला हरकत नाहीच, पण जिन्नस बदलला की आच आणि वेळही बदलावी लागते. भिजलेल्या मसुराला तुम्ही तीन शिट्ट्या दिल्यात. तेवढ्यात त्याची आमटीच व्हायची. खरं तर मोडाच्या मटकीलाही कुकर नको. उघडं पातेलं, मोड जेमतेम बुडतील एवढं पाणी, मीठ-हळद आणि मध्यम आच. मटकीला 12-15 मिनिटं, मुगाला 8-10, मसुरालाही साधारण दहाच. पण सातव्या मिनिटापासून दाणा दाबून बघायला लागा. चेपला जावा, साल सुटू नये. चवळी आणि पांढरे वाटाणे घेतलेत तर मात्र कुकर हवा: चवळी सहा तास भिजवून 1-2 शिट्ट्या, वाटाणे रात्रभर भिजवून 3-4. चिंच, टोमॅटो, आमसूल काहीही असो, दाणा शिजल्यावरच घाला. आंबट आधी पडलं की दाणा लवकर मऊ होत नाही. (थंडीत मोडांनाही उशीर लागतो. निफाडचा पारा घसरल्याची बातमी आली की एका रात्रीत मोडांची आशा धरू नका. फडक्यात बांधून झाकणाच्या डब्यात ठेवा आणि पूर्ण दिवस द्या.)

आता तर्री. ती गेली त्या लगद्यामुळेच. फुटलेल्या मसुराचं पीठ रश्शात उतरतं, रस्सा दाट होतो आणि तेल धरून ठेवतो. वर यायला त्याला वाटच उरत नाही. म्हणून उसळ वेगळी आणि रस्सा वेगळा शिजवायचा. दोघांची गाठ ताटलीतच पडू द्या.

एक वाटी कोरड्या मटकीच्या बेताला रश्शाचं प्रमाण असं: दोन मध्यम कांदे, पाव वाटी सुकं खोबरं, 8-10 लसूण पाकळ्या, इंचभर आलं, दोन चमचे काळा मसाला, रंगाला दीड चमचा ब्याडगी तिखट आणि पाच मोठे चमचे शेंगदाणा तेल. तेलात हात आखडलात तर तर्री विसरा. कांदा-खोबरं भाजून आलं-लसणासकट वाटायचं. वाटण तेलात 8-10 मिनिटं परता, कडेने तेल सुटेपर्यंत. पाण्याचा अंश राहिला तर तेल वाटणातच मिसळून बसतं. मग गॅस बंद करून तिखट आणि काळा मसाला घाला. मिरचीचा रंग तेलात उतरतो, पाण्यात नाही. आणि आच चालू असेल तर तिखट करपून रंगही जातो, चवही. दहा सेकंदांत चार वाट्या कढत पाणी आणि मीठ घाला. एक उकळी आली की झाकण न ठेवता मंद आचेवर 15 मिनिटं ठेवा. सारखं ढवळू नका.

तिळाचा कडवटपणा तिळाचा नाही, करपण्याचा आहे. खोबऱ्याच्या आचेवर तीळ टाकले की रंग दिसेपर्यंत आतून जळलेले असतात. मंद आचेवर दोन मिनिटं, तडतडायला लागले की लगेच ताटलीत काढा. तापलेल्या कढईत राहिले तर गॅस बंद असूनही पुढे भाजत राहतात. प्रमाणही खोबऱ्याच्या निम्मं, कारण तीळ रस्सा दाट करतात. करपलेल्या वाटणावर गुळाचा उतारा चालत नाही, ते टाकून नवं करा. मसुराचा लगदा मात्र वाया घालवू नका. पाणी घालून सारखा करा, लसणाची फोडणी द्या आणि भाकरीबरोबर खा.

राहिला व्हीगनचा प्रश्न. उसळ-रश्शापुरतं तुमचं बरोबर आहे. पण नाशकात मिसळीबरोबर दह्याची वाटी येते, पावाला कधी लोणी लागतं, आणि पावाच्या पिठात दूध पावडर आहे का हे बेकरीवाल्याला विचारल्याशिवाय कळत नाही. दूध न घेणाऱ्याला एवढी माहिती आधी मिळावी, म्हणून तो शब्द पाककृतीत आहे. दह्याऐवजी फक्त तिखट उतरवायला काही हवं असेल, तर दोन चमचे शेंगदाण्याचं कूट अर्धी वाटी पाण्यात बारीक वाटा, त्यात लिंबू आणि मीठ घालून वरून ओता. हे रश्शात घालून उकळू नका, लिंबामुळे फुटतं.